८६ सेंटिमीटरची अट: आयात केलेल्या बालकपड्यांच्या सीमाशुल्क वर्गीकरणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

भिवंडीला गोदाम आणि मुंबई-ठाणे परिसरात काही दुकाने असलेल्या एका भागीदारी संस्थेने २०२३ च्या दिवाळी हंगामासाठी चीनमधून लहान मुलांच्या कपड्यांचा एक कंटेनर न्हावा शेवा बंदरात मागवला. संस्था या धंद्यात नवी नव्हती आणि तिने याआधीही त्याच विक्रेत्याकडून माल आणला होता. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. वर्गीकरणाचा प्रश्न मात्र होता तसाच ठेवला आहे.

विक्रेता स्वतः कारखानदार नव्हता. तीन वेगवेगळ्या कारखान्यांचा माल एकत्र करून पाठवणारी ती व्यापारी पेढी होती, आणि पुढे जे काही घडले त्यातले निम्मे या एका बाबीतून निघाले. पहिला कारखाना मुख्यतः चीनच्या देशांतर्गत बाजारासाठी टी-शर्ट व पँटचे सेट शिवत होता, दुसरा युरोपीय खरेदीदारांसाठी सुती फ्रॉक बनवत होता आणि तिसरा अमेरिकी बाजारासाठी रॉम्पर. शिवाय नवजात बाळांसाठीचे भेटसंच होते: झबले, टोपडे, लाळेरे आणि तळ नसलेले विणीचे पायमोजे, असे सगळे एका खोक्यात. सेट, रॉम्पर आणि भेटसंच होजिअरी म्हणजे निटेड कापडाचे होते. फ्रॉक मागावर उभे-आडवे धागे घालून विणलेल्या, म्हणजे वोव्हन कापडाचे.

कस्टम ब्रोकरने बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे सीमाशुल्क घोषणापत्र) भरताना मागच्या वेळचेच वर्णन उचलले: ‘बेबी गारमेंट्स, ०–३ वर्षे, कॉटन’. होजिअरीचा सगळा माल ६१११.२० या सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांकाखाली आणि फ्रॉक ६२०९.२० खाली दाखवले. साइझ फक्त पॅकिंग लिस्टमध्ये होते, तेही कारखान्यांच्या तीन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेले. पूर्वीच्या खेपा याच वर्णनावर विनाप्रश्न सुटल्या असल्याने या वेळीही कोणाला शंका आली नाही.

नियम काय आहे

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत तयार कपड्यांसाठी दोन प्रकरणे (चॅप्टर) आहेत: निटेड कपड्यांसाठी ६१ आणि इतरांसाठी ६२. दोन्हींत बाळांच्या कपड्यांना स्वतंत्र शीर्षक, म्हणजे चार आकडी वर्गीकरण क्रमांक, आहे: अनुक्रमे ६१११ आणि ६२०९. प्रकरण ६१ ची सहावी टीप सांगते की ६१११ मधील ‘बाळांचे कपडे’ म्हणजे ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची नसलेल्या लहान मुलांसाठीच्या वस्तू. त्याच टिपेचा दुसरा भाग असा की एखादी वस्तू प्रथमदर्शनी ६१११ मध्येही बसते आणि त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या शीर्षकातही बसते, तर ती ६१११ मध्येच घालायची. प्रकरण ६२ मध्ये ६२०९ साठी अशीच तरतूद आहे.

या टिपेत वयाचा उल्लेख नाही. कपड्याच्या लांबीचाही नाही. उंची मोजायची ती ज्याच्यासाठी कपडा बनवला त्या मुलाची. ‘०–३ वर्षे’ हे वर्णन त्यामुळे आपल्याच विरुद्ध पुरावा ठरते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ९६.१ सेंटिमीटर आणि मुलीची ९५.१ सेंटिमीटर असते. तीन वर्षांच्या मुलाचा कपडा ६१११ मध्ये बसवणे हे कायद्याच्या साध्या वाचनातच टिकत नाही.

यात पैसे कुठे गुंततात हेही पाहायला हवे, कारण वरवर पाहता फरक दिसत नाही. २०१८ मध्ये तयार कपड्यांच्या अनेक ओळींवरचा मूळ सीमाशुल्क दर १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला, आणि टक्क्यांचा आकडा बाळांच्या व मोठ्या मुलांच्या कपड्यांना सारखाच दिसतो. मात्र काही शीर्षकांत दर ‘इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, यांपैकी जे जास्त ते’ असा लिहिलेला असतो. बाळांच्या कपड्यांना फक्त टक्के लागतात. महागड्या कपड्याला या रचनेने काही होत नाही. स्वस्त कपड्याला नगामागचा ठरावीक आकडाच भारी पडतो, आणि लहान मुलांचे कपडे स्वस्तच असतात.

हिशेबासाठी एक सेट घेऊ. सेटचे निर्धारणयोग्य मूल्य (ज्यावर शुल्क लागते ती किंमत) १७० रुपये, त्यात टी-शर्टचे ८० आणि पँटचे ९०. पूर्ण सेट ६१११ मध्ये गेला तर २० टक्क्यांनी मूळ शुल्क ३४ रुपये होते. तोच सेट मोठ्या मुलाचा ठरला की टी-शर्ट ६१०९ मध्ये जातो. त्यावर नगामागे ४५ रुपये असा किमान आकडा केवळ उदाहरणादाखल धरला, तर १६ रुपयांच्या जागी ४५ रुपये लागतात. पँटचे १८ मिळून एकूण ६३ रुपये, म्हणजे मूल्याच्या ३७ टक्क्यांच्या आसपास. वर अधिभार आणि आयजीएसटी (आयातीवरचा वस्तू व सेवा कर). आयजीएसटीची वजावट पुढे मिळते, मूळ शुल्काची मिळत नाही. ते थेट मालाच्या किमतीत मुरते. दिवाळीच्या आधी दुकानातल्या किमती ठरवून छापून बसलेल्या संस्थेसाठी हा फरक नफ्याइतका मोठा होता.

सेट फोडावा लागतो हेही अनेकांना ठाऊक नसते. प्रकरण ६१ मध्ये ‘एन्सेम्बल’ या नावाने वरचा आणि खालचा कपडा एकत्र वर्गीकृत करण्याची सोय आहे, पण त्या व्याख्येतून ६१०७, ६१०८ आणि ६१०९ मधल्या वस्तू वगळल्या आहेत, म्हणजे टी-शर्ट असलेला सेट एन्सेम्बल होऊ शकत नाही. त्याच अनुसूचीतील विभाग अकराची चौदावी टीप पुढे स्पष्ट करते की वेगवेगळ्या शीर्षकांतले कपडे किरकोळ विक्रीसाठी एका पाकिटात बांधलेले असले तरी ते आपापल्या शीर्षकातच जातात. बाळांच्या सेटला ही अडचण येत नाही, कारण त्याचे दोन्ही भाग एकाच शीर्षकात असतात.

अडचण कशी उभी राहिली

फेसलेस असेसमेंटमध्ये बिल दुसऱ्याच ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे जाते. त्याने माल पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त कागद असतात. या बिलावर पहिली विचारणा सरळ होती: ‘०–३ वर्षे’ असे वर्णन असताना सर्व माल ६१११ व ६२०९ मध्ये कशाच्या आधारे दाखवला आहे, याचा खुलासा साइझ चार्टसह करावा.

ब्रोकरने त्याच दिवशी उत्तर टाकले. त्यात विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचा वयानुसार तक्ता जोडला आणि हा माल व्यापारात ‘बेबीवेअर’ म्हणूनच ओळखला जातो असे लिहिले. हे उत्तर देण्याची घाई समजण्यासारखी होती, कारण सीएफएसमध्ये, म्हणजे माल सुटेपर्यंत कंटेनर ठेवायच्या जागी, ग्राउंड रेंट (जागेचे भाडे) आणि शिपिंग कंपनीचे डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) रोज चढत असते. परंतु विचारणा उंचीची होती आणि उत्तर वयाचे गेले. साहजिकच दुसऱ्या फेरीत अधिकाऱ्याने भूमिका कडक केली: साइझनिहाय विभागणी नसल्याने सर्व माल मोठ्या मुलांच्या शीर्षकांत घेण्याचा प्रस्ताव, आणि प्रत्यक्ष तपासणीचा आदेश. चुकीच्या घोषणेबद्दल सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११(म) खाली कारवाई का करू नये, अशी पुस्तीही होती.

या टप्प्यावर संस्थेने वर्गीकरणाचे काम करणारा सल्लागार नेमला.

माल प्रत्यक्षात काय होता

तपासणीत प्रत्येक साइझचे नमुने काढले गेले आणि तेथे तीन साइझपद्धतींचे चित्र प्रथमच एकत्र समोर आले.

टी-शर्ट-पँट सेटच्या मानेवरच्या लेबलवर ‘१८–२४ महिने’ असे छापलेले होते, पण लटकत्या टॅगवर ‘९०/४८’ असे होते. चिनी साइझपद्धतीत पहिला आकडा मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये आणि दुसरा छातीचा घेर दाखवतो. तान्ह्या बाळांचे साइझ ५९, ६६, ७३, ८० असे सात-सात सेंटिमीटरने वाढतात आणि ८० नंतर दहाच्या टप्प्याने ९०, १००, ११०. या पद्धतीत ८६ च्या आसपास कोणताही साइझ नाही. ८० नंतर थेट ९०. म्हणजे सेटबाबत वाद उरतच नव्हता: ८० पर्यंतचे बाळांचे, ९० पासून पुढचे नव्हेत. टॅगच बोलत होता.

फ्रॉक युरोपीय पद्धतीचे होते. तेथेही साइझचा आकडा उंचीचाच असतो: ६८, ७४, ८०, ८६, ९२. टीप ‘८६ पेक्षा जास्त नाही’ असे म्हणते, त्यामुळे ८६ चा फ्रॉक आत आणि ९२ चा बाहेर, हे स्पष्ट होते. पण काही फ्रॉकवर ‘८६/९२’ असा जोडसाइझ होता.

रॉम्परवर नुसतेच ‘२४M’. अमेरिकेत २४ महिन्यांपर्यंतचे साइझ बाळांच्या कपड्यांत धरण्याचा प्रघात आहे आणि कारखान्याने आपला निर्यात कोडही त्याच हिशेबाने दिला होता. सोबतच्या चार्टमध्ये २४M साठी उंची ‘३२ ते ३४ इंच’ अशी होती. ३४ इंच म्हणजे ८६.३६ सेंटिमीटर. साडेतीन मिलिमीटरहून थोड्या जास्त फरकाचा हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नव्हता, कारण टिपेत ‘सुमारे’ हा शब्द नाही.

तपासणीत एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा निघाला. रॉम्पर टेपने मोजून त्याची लांबी नोंदवायला सुरुवात झाली होती. सल्लागाराने तेव्हाच लेखी विनंती केली की कपड्याच्या लांबीवरून मुलाची उंची ठरत नाही, तेव्हा अहवालात लांबीबरोबर लेबल, टॅग आणि साइझ चार्टही नोंदवावा. ती मान्य झाली. अहवालात फक्त लांबी आली असती तर दूर बसलेल्या अधिकाऱ्याने तिचा काय अर्थ लावला असता हे सांगता येत नाही. तपासणी अहवाल हाच त्याचा डोळा असतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय भागीदारांपैकी एकाला सर्वात सोयीचा वाटत होता: प्रस्तावित शुल्क भरून माल सोडवायचा, हंगाम साधायचा आणि जादा भरलेले नंतर परत मागायचे. सल्लागाराने हा मार्ग ठामपणे नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसी लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की निर्धारण (शुल्काची आकारणी), मग ते स्वतः केलेले असो, अपिलात बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा दावा टिकत नाही. ‘भरून टाकू, मग बघू’ या धोरणाची किंमत त्या निकालानंतर फार वाढली आहे. बरेच आयातदार अजूनही जुन्या सवयीने वागतात.

दुसरा पर्याय होता पूर्ण लढण्याचा. कलम १७(५) नुसार आयातदाराने पुनर्निर्धारण लेखी मान्य केले नसेल तर पंधरा दिवसांत सकारण आदेश द्यावा लागतो, आणि त्यावर साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. वर्गीकरण बदलण्याचा पुरावा विभागाने द्यायचा असतो हा मुद्दाही हाती होता. सर्वोच्च न्यायालयाने तो एकाहून अधिक निकालांत मांडला आहे. पण न्यायालयात शोभणारा मुद्दा सीएफएसमध्ये उपयोगी पडेलच असे नाही. साइझची सगळी माहिती आयातदाराकडेच असताना पुराव्याचे ओझे विभागावर आहे म्हणून गप्प बसणे म्हणजे अधिकाऱ्याला आहे त्या कागदांवर आदेश लिहायला भाग पाडणे, आणि ते कागद आयातदाराच्या विरुद्ध होते. शिवाय ९० च्या वरच्या सेटबाबत लढण्यासारखे काहीच नव्हते. चुकीच्या मुद्द्यासाठी लढताना बरोबर मुद्द्याची विश्वासार्हताही जाते.

तिसरा पर्याय कलम १८ खालील तात्पुरत्या निर्धारणाचा. बंधपत्र आणि बँक हमी देऊन माल सुटतो, अंतिम वर्गीकरण नंतर ठरते. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा असेल, मूळ देशातून कागद यायचे असतील, तेव्हा हा मार्ग उपयोगी असतो. येथे प्रश्न कागदावरच सुटण्यासारखा होता, आणि हमीत अडकणारी रक्कम हंगामाच्या खरेदीसाठी लागणार होती. तरीही जोडसाइझच्या फ्रॉकपुरता हा पर्याय शेवटपर्यंत खुला ठेवला गेला.

चौथा पर्याय साइझनिहाय विभागणीचा होता: कलम १४९ खाली बिलात दुरुस्ती मागून ८६ सेंटिमीटरपर्यंतचा माल ६१११ व ६२०९ मध्ये ठेवायचा, त्यावरचा माल स्वतःहून त्या-त्या शीर्षकांत हलवायचा आणि फरक भरायचा.

आणखी एक सूचना आली होती, ती पर्याय म्हणावा अशी नव्हती. पुढच्या खेपेपासून कारखान्याला टॅगवरचा आकडा काढून फक्त ‘२४ महिने’ छापायला सांगावे, असे कोणीतरी सुचवले. उंची माहीत असताना ती लपवणे म्हणजे साध्या वर्गीकरणाच्या वादाचे रूपांतर जाणूनबुजून केलेल्या चुकीच्या निवेदनात करणे, आणि मग मागणीची मुदत कलम २८(१) मधल्या दोन वर्षांवरून २८(४) मधल्या पाच वर्षांवर जाते. भागीदारांनी ती सूचना त्याच बैठकीत मोडीत काढली. ८० पर्यंतचेच साइझ मागवणे हा व्यापारी निर्णय आहे आणि तो कोणीही घेऊ शकतो; ९० चा कपडा ८६ चा म्हणून आणणे हा वेगळा प्रकार आहे.

काय केले

संस्थेने चौथा मार्ग निवडला, पण त्याआधी दोन कामे केली. प्रत्येक मॉडेलचा ग्रेडिंग तक्ता कारखान्याकडून मागवला, म्हणजे पॅटर्न कोणत्या शरीरमापावर काढला आहे हे सांगणारा कारखान्याचा मूळ तांत्रिक कागद. विक्रेत्याच्या जाहिरातीतल्या तक्त्यापेक्षा या कागदाचे वजन कितीतरी जास्त असते, कारण तो विक्रीसाठी नव्हे तर शिवणासाठी बनलेला असतो. दुसरे काम पॅकिंग लिस्ट नव्याने लावण्याचे: मॉडेल, कारखाना, लेबलवरचा साइझ, टॅगवरचा साइझ, शरीराची उंची, नग आणि दावा केलेले शीर्षक, असे सगळे एका ओळीत.

मग एकेका मालाचा निर्णय झाला. सेटबाबत दोनदा विचार करावा लागला नाही. ८० पर्यंतचे ६१११.२० मध्ये राहिले. ९०, १०० आणि ११० चे टी-शर्ट ६१०९ मध्ये आणि पँट मुलांच्या ६१०३ किंवा मुलींच्या ६१०४ मध्ये गेल्या. ज्या पँट मुलाच्या की मुलीच्या हे ओळखता येत नव्हते त्या प्रकरण ६१ च्या नवव्या टिपेनुसार स्त्रिया-मुलींच्या शीर्षकात टाकल्या. सेटची एकत्र किंमत दोन भागांत वाटताना कारखान्याचे स्वतंत्र दरपत्रक वापरले, अंदाज वापरला नाही. नगामागे आकडा असणाऱ्या शीर्षकात नगांची संख्या नेमकी असावी लागते.

रॉम्परचा प्रश्न ग्रेडिंग तक्त्याने सोडवला. पॅटर्न सेंटिमीटरमध्ये काढलेला होता आणि २४M साठी शरीराची कमाल उंची ८६ सेंटिमीटर होती. इंचांचा तक्ता अमेरिकी ग्राहकासाठी नंतर बनवताना आकडा पूर्णांकात नेला होता. हा कागद, त्यावरची तारीख आणि ऑर्डरच्या वेळचा पत्रव्यवहार असे एकत्र दिले गेले. तारखेला महत्त्व होते: तक्ता विचारणा येण्यापूर्वीचा होता.

येथे सल्लागाराने घेतलेला एक निर्णय नोंदवण्यासारखा आहे. २४ महिन्यांच्या मुलांची सरासरी उंची ८६ च्या आसपास असते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे जोडावेत असे ब्रोकरचे म्हणणे होते. प्रत्यक्षात ते आकडे दुधारी आहेत: २४ महिन्यांच्या मुलींची मध्यम उंची ८५.७ सेंटिमीटर, मुलांची ८७.१. त्यांचा आधार घेतला असता तर मुलींचे रॉम्पर आत आणि मुलांचे बाहेर, असा कोणालाच नको असलेला वाद आपणच निर्माण केला असता. आणि मुळात टीप सरासरी मुलाबद्दल बोलतच नाही. कपडा कोणत्या उंचीसाठी बनवला एवढेच ती विचारते. तो कागद जोडला नाही.

‘८६/९२’ च्या फ्रॉकवर सर्वात जास्त चर्चा झाली. कपडा ८६ च्या मुलीला बसतो, आणि दोन शीर्षकांत बसणारी वस्तू बाळांच्या शीर्षकात घालावी असे टीप सांगते. तेव्हा तो ६२०९ मध्येच जावा, असा युक्तिवाद करता येत होता. उलट बाजू अशी की दोन शीर्षकांचा तो नियम आधी वस्तू ‘बाळांचा कपडा’ या व्याख्येत बसली तरच लागू होतो, आणि ९२ च्या मुलीसाठीही बनवलेला कपडा ‘८६ पेक्षा जास्त उंची नसलेल्या’ मुलीसाठीचा म्हणणे अवघड आहे. माझ्या मते दुसरी बाजू वरचढ आहे. संस्थेनेही तसेच ठरवले आणि हे फ्रॉक ६२०४ मध्ये दाखवले. नग थोडे होते, हेही त्या निर्णयामागे होते. नग जास्त असते तर कदाचित तात्पुरत्या निर्धारणाची मागणी झाली असती.

भेटसंचातील टोपड्याचा प्रश्न शेवटी उरला. बाळाचे टोपडे हे कपडा नसून शिरोभूषण ठरते आणि ६५०५ मध्ये जाते. झबले, लाळेरे आणि तळ नसलेले पायमोजे ६१११ मध्येच राहतात. सेट फोडण्याची चौदावी टीप फक्त ६१०१ ते ६११४ आणि ६२०१ ते ६२११ मधल्या कपड्यांना लागते, टोपड्याला नाही. त्यामुळे एकत्र विकल्या जाणाऱ्या संचाचा सर्वसाधारण नियम, म्हणजे अर्थनिर्णयाचा नियम ३(ब), लावून मुख्य स्वरूप देणाऱ्या झबल्याच्या शीर्षकात संपूर्ण संच घेण्याची विनंती केली.

निकाल

दुरुस्तीचा अर्ज, नवी पॅकिंग लिस्ट आणि ग्रेडिंग तक्ते पोचल्यावर अधिकाऱ्याने साइझनिहाय विभागणी जवळपास जशीच्या तशी स्वीकारली. भेटसंच ६१११ मध्येच राहिला. रॉम्परवर एक पूरक प्रश्न आला, तक्त्याची मूळ प्रत मागवली गेली आणि दावा मान्य झाला. ९० व त्यावरच्या सेटचा आणि ९२ व ८६/९२ च्या फ्रॉकचा फरक संस्थेने भरला. पुनर्निर्धारण लेखी मान्य केल्याने सकारण आदेशाची गरज उरली नाही.

जप्ती आणि दंडाचा मुद्दा पुढे रेटला गेला नाही. मालाचे स्वरूप, नग, किंमत आणि साइझ कागदांत खरे होते. चूक होती ती शीर्षकाच्या दाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिकच्या प्रकरणात अशा दाव्याला चुकीचे विवरण मानले नव्हते, आणि तो निकाल उत्तरात दिला होता. अर्थात पॅकिंग लिस्टमध्येही साइझ नसते तर हा बचाव इतका सोपा झाला नसता.

माल सुटला, पण उशिरा. ग्राउंड रेंट आणि डिटेन्शन मिळून झालेला खर्च शुल्काच्या फरकाच्या तुलनेत लहान नव्हता, आणि ९० च्या पुढचे सेट ठरलेल्या किमतीला विकताना त्यांवर जवळजवळ काही सुटले नाही.

जुन्या खेपांचा निर्णय मात्र बाकी होता आणि तो अधिक अवघड होता, कारण त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. त्याच वर्णनावर, त्याच विक्रेत्याचा माल पूर्वी सुटला होता. क्लिअरन्सनंतरच्या ऑडिटमध्ये तो निघण्याची शक्यता होतीच. भागीदारांमध्ये मतभेद झाले. एकाचे म्हणणे, झोपलेल्याला कशाला उठवायचे. शेवटी मुदतीतल्या खेपांचा साइझनिहाय हिशेब करून फरक आणि कलम २८एए प्रमाणे वार्षिक १५ टक्के व्याज नोटीस येण्याआधीच भरले, ज्यामुळे कलम २८ मधील तरतुदीनुसार दंडाचा प्रश्न मिटला. आता चूक माहीत झाल्यावर गप्प राहणे हे ‘लपवणे’ ठरू शकले असते, हा सल्लागाराचा मुद्दा निर्णायक ठरला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या विचारणेचे उत्तर हा या प्रकरणातला सर्वात महाग कागद ठरला. ते तीन दिवस उशिरा पण उंचीच्या तक्त्यासह गेले असते तर सर्व माल मोठ्या मुलांच्या शीर्षकांत घेण्याचा प्रस्ताव कदाचित आलाच नसता. ब्रोकरला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्याकडे ग्रेडिंग तक्ते नव्हते आणि ते मागवावेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. साइझची माहिती कारखान्यात होती, विक्रेत्याच्या चालानात ती वयात बदलली, बिलात पोचेपर्यंत ती ‘बेबी’ या एका शब्दात मावली.

अ‍ॅडव्हान्स रुलिंग (आयातीआधीच प्राधिकरणाकडून मागून घेतलेला निर्णय) मागता आले असते का, हा प्रश्न नंतर विचारला गेला. मुंबईतील सीमाशुल्क अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरण २०२१ पासून काम करते. कायद्यात निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे आणि दिलेला निर्णय तीन वर्षे चालतो. ८६/९२ सारख्या जोडसाइझसाठी, किंवा दरवर्षी येणाऱ्या भेटसंचासाठी, हा मार्ग योग्य आहे. कंटेनर बंदरात उभा असताना त्याचा उपयोग नव्हता. सेटसाठी त्याची गरजच नव्हती; जे टिपेतच स्पष्ट आहे ते प्राधिकरणाला विचारायला जाण्यात अर्थ नाही.

जुन्या खेपांबाबत आज मार्ग अधिक मोकळा आहे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क अधिनियमात कलम १८ए घातले असून क्लिअरन्सनंतर आयातदाराने स्वतःहून नोंद सुधारण्याची सोय त्यात आहे. २०२३ मध्ये ती नव्हती, आणि संस्थेला पत्रव्यवहाराने व चलन भरून तेच काम करावे लागले.

खरेदीच्या ऑर्डरमध्ये आता बदल झाला आहे. प्रत्येक मॉडेलचा ८६ सेंटिमीटरपर्यंतचा आणि त्यावरचा माल असे दोन वेगळे आयटम कोड असतात, दोघांचे दर वेगळे मागवले जातात आणि शरीराची उंची चालानाच्या ओळीतच छापून येते. सेटमधील टी-शर्ट आणि पँटची किंमत विक्रेता वेगळी दाखवतो. ९० च्या पुढचे टी-शर्ट-पँट सेट संस्थेने पुढच्या हंगामात चीनमधून मागवलेच नाहीत. नगामागच्या आकड्याने ते परवडेनासे झाले, म्हणून तिरुपूरहून घेतले. ८६/९२ चे फ्रॉक अजूनही येतात, ६२०४ मध्ये, आणि त्यांच्यासाठी अ‍ॅडव्हान्स रुलिंगचा अर्ज करायचा की नाही यावर भागीदारांचे एकमत झालेले नाही.